निळाईतला होकार

तांबड्या रश्श्यात तांबडा रंग सोडला तर काहीच नव्हतं. गौतमीने पहिला चमचा तोंडात घातला आणि हळूच नवऱ्याकडे पाहिलं. आता तोंडाचा पट्टा सुरू होणार, म्हणून तिने आधीच शेजारच्या टेबलाकडे पाठ करून घेतली. धैर्यशील इंगवले म्हणजे शिरोलीला ओतकामाची फाउंड्री चालवणारा पक्का कोल्हापूरचा गडी. बुधवारच्या दिवशी त्याच्यापुढे असलं तांबडं पाणी ठेवायचं म्हणजे आचाऱ्याला बाहेर यावं लागणार, कुठल्या गावचा ते सांगावं लागणार, आणि तीळ-खसखस कशी भाजतात याची शिकवणी उभ्याउभ्या घ्यावी लागणार. लोकांच्या लग्नाच्या पंगतीतही त्याने हे केलेलं होतं. पण आज त्याने वाटी संपवली, तोंड पुसलं, समुद्राकडे पाहिलं आणि म्हणाला, छान होतं, हलकं होतं.

गौतमीच्या मनात पाल चुकचुकली ती तिथे.

तशी ती उगीच संशय घेणारी बाई नव्हे. पण ही सगळी सहलच तिला पहिल्यापासून खटकत होती. वेंगुर्ल्याच्या पुढे, समुद्रावर वाकलेल्या कड्यावर बांधलेलं हे 'निळाई' हॉटेल. प्रत्येक खोलीला स्वतःचं अंगण, अंगणात स्वतःचा तलाव, आणि सकाळी पडदे कधी उघडायचे तेसुद्धा खोलीलाच कळायचं. जो माणूस लग्नानंतर महाबळेश्वरला गेला तेव्हा स्वस्त खोलीसाठी तीन लॉज पालथे घालून चौथ्यात उतरला, तो आपणहून म्हणतो काय, चल, चार दिवस समुद्रावर जाऊ. आणि म्हणतो कधी, तर नवरा-बायकोत धड बोलणंसुद्धा उरलेलं नाही अशा वेळी.

बोलणं बंद पडलं होतं ते पृथ्वीराजवरून. पृथ्वीराज हा गौतमीचा धाकटा भाऊ. त्याच्या दोन्ही किडन्या गेल्या होत्या. मंगळवार, गुरुवार, शनिवार डायलिसिस. सुया टोचून टोचून हाताची शीर दोनदा बंद पडली, तेव्हा डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं की आता थांबण्यात अर्थ नाही. गौतमीची किडनी जुळत होती आणि ती द्यायला ती एका पायावर तयार होती. अडलं होतं ते घरातच. रुग्णालयाच्या समितीपुढे नवऱ्याने स्वतः येऊन संमती दिल्याशिवाय पुढचं पाऊल पडणार नव्हतं, आणि धैर्यशील आठ महिने एकाच वाक्याला चिकटून बसला होता: घाई काय आहे?

त्यामागचं कारण तिला माहीत होतं. तो कॉलेजात असताना आईच्या पित्ताशयातले खडे काढायचे होते. साधी शस्त्रक्रिया. वडील परगावी, म्हणून कागदावर सही केली धैर्यशीलने. आई टेबलावरून परत आली नाही. तेव्हापासून दवाखान्याची पायरी दिसली की त्याच्या तळहातांना घाम सुटायचा. 'धैर्यशील' हे नाव ठेवणाऱ्यांनी थोडी घाईच केली, असं गौतमी पूर्वी हसत हसत म्हणायची. हल्ली हसत नव्हती. येत्या सोमवारी समितीची तारीख होती, आणि तिने त्याला सांगून टाकलं होतं की तुम्ही आला नाहीत तर मी माहेरी राहीन, ती कायमची.

आणि त्याच बुधवारी संध्याकाळी, अंगणातल्या झोपाळ्यावर बसून, बिनतिखट रश्श्याला छान म्हणणारा तो माणूस तिच्याकडे न बघता म्हणाला, "दे तू पृथ्वीला किडनी. सोमवारी मी येतो."

गौतमी बघतच राहिली. ज्या वाक्यासाठी तिने देव पाण्यात घातले होते, ते वाक्य असं चहात साखर किती विचारावी तसं आलं. तिने पुन्हा विचारलं, त्याने पुन्हा तेच सांगितलं. आईचं काय, असं तिच्या ओठांवर आलं होतं, पण तो आपणच म्हणाला की ती गोष्ट जुनी झाली, आता शस्त्रक्रिया फार सुधारल्यात. हेच तर ती आठ महिने कानीकपाळी ओरडत होती. आनंद व्हायला हवा होता, थोडा झालाही. पण त्याच्याखाली काहीतरी कुरतडत होतं. हा माणूस असा बदलत नसतो. यात पाणी कुठेतरी मुरतंय.

दुसऱ्या दिवशी धैर्यशील तलावात डुंबायला गेला, तशी तिने खोली तपासायला घेतली. कशासाठी, ते तिलाही सांगता आलं नसतं. कपाट बघितलं, दिवे बघितले. मग बिछान्याकडे वळली. उशी हातात घेऊन चाचपली तर कापडात चांदीच्या जरीसारखे बारीक धागे विणलेले, आणि ते सगळे, डोकं टेकल्यावर कान येईल तिथे एकत्र आलेले. उशीच्या कडेतून एक पातळ पट्टी गादीत जात होती. ती उशी तशीच काखोटीला मारून गौतमी स्वागतकक्षात गेली.

तिथे श्रिया परुळेकर म्हणून पाहुण्यांची विचारपूस करणारी मुलगी होती. उशी बघून ती मुळीच गडबडली नाही. तिला वाटलं मऊ लागली नाही.

काय आहे हे, असं गौतमीने विचारलं, आणि श्रियाने समजावून सांगितलं. लपवण्यासारखं काही आहे असं तिला वाटतच नव्हतं. मेंदूतून निघून मान, छाती, पोट असा जाणारा एक लांब मज्जातंतू असतो. काळजाची धडधड, श्वास, पोटातला गोळा, सगळ्यांवर त्याचा लगाम. त्याची एक बारीक फांदी कानाच्या आतल्या खोलगट कातडीखालून जाते. तिथे अगदी हलका, जाणवणारही नाही असा विजेचा स्पर्श दिला की तो मज्जातंतू मेंदूला कळवतो, सगळं ठीक आहे. मेंदूत बदामाएवढी एक जागा आहे, धोक्याची घंटा वाजवणारी. तिला हा निरोप पोचला की ती गप्प बसते. फेफरं आणि उदासी यांवर डॉक्टर हे पूर्वीपासून वापरत होते. नवीन एवढंच, की आता छतातला रडार माणसाला हात न लावता त्याची छाती किती वेळा हलते ते मोजतो, आणि कुणाला किती स्पर्श हवा ते उशी रात्रभर आपणच ठरवते. चार दिवसांत माणूस मोकळा होतो.

"आम्ही कुणाच्या डोक्यात काही घालत नाही, मॅडम," श्रिया म्हणाली. "फक्त भीती काढतो."

गौतमीला वाटलं, सापडलं. रश्श्याचं कोडं सुटलं, होकाराचंही सुटलं. घंटाच काढून घेतलेल्या माणसाचा होकार तो. घरी गेल्यावर घंटा परत वाजेल आणि सोमवारी हा पायरीवरूनच मागे फिरेल. किंवा त्याहून वाईट, भीती नसताना बोललेल्या शब्दासाठी जन्मभर आपल्याला बोल लावेल. तिने श्रियाला सांगितलं की आमच्या साहेबांना न विचारता हे लावलंत, ते आत्ताच्या आत्ता बंद करा.

श्रियाने मान तिरकी केली. साहेबांना न विचारता कसं लावू, असं ती म्हणाली. साहेबांनीच तर यायच्या आधी फोन करून सगळं विचारून घेतलं होतं. पहिल्या रात्रीपासून पूर्ण क्षमतेने लावा, दोघांनाही, असं त्यांनी सांगितलं. मॅडमनी पण सोमवारी आल्या आल्या दारातल्या स्क्रीनवर मान्य म्हणून अंगठा लावला होताच की.

लावला होता. कोण वाचतं तो मजकूर?

दोघांनाही. गौतमी तो शब्द घेऊन बाहेरच्या बाकावर बसली. समोर समुद्र लखलखत होता. आज गुरुवार, पृथ्वीचं डायलिसिस, हे तिला आठवलं. आणि मग आठवलं की परवा मंगळवार होता. डायलिसिसच्या दिवशी संध्याकाळी ती भावाला फोन करायची. वजन किती भरलं, पाणी किती प्यायलास, बर्फ चोखून फसवतोयस ना मला, असं नेहमीचं. तापात असताना केला होता, सासऱ्यांच्या बाराव्याला मांडवामागे जाऊन केला होता. परवाच्या मंगळवारी तिने तो केला नव्हता. विसरली होती.

काळजाचा ठोका चुकायला हवा होता. तो चुकला नाही.

दाताच्या डॉक्टरने सुई दिल्यावर माणूस आपलाच गाल चावून बघतो, तसं तिने करून बघितलं. पृथ्वीचे सुजलेले पाय आठवले. बंद पडलेली शीर. त्याच्या मुलीने मागच्या खेपेला विचारलेलं, आत्या, बाबा बरा होणार ना? सगळं डोळ्यांसमोर आलं आणि दुसऱ्या कुणाच्या घरातला अल्बम चाळावा तसं निघून गेलं. आतून एक शहाणा, गोड आवाज म्हणाला, डायलिसिस चालू आहे की, घाई काय आहे?

हे वाक्य तिचं नव्हतं. आठ महिने तिच्या तोंडावर मारलेलं ते वाक्य आता तिच्याच डोक्यात बिऱ्हाड करून बसलं होतं. आणि मग संशयाने खरं तोंड वर काढलं. त्याने हो म्हणायचं आणि माझ्याकडूनच नको म्हणवून घ्यायचं. म्हणजे भावाला नाही म्हटल्याचा ठपका त्याच्यावर नाही, बायको माहेरी जायची नाही, शस्त्रक्रियाही व्हायची नाही. काय डोकं आहे! तिला संतापाने पेटून उठायचं होतं, पण साधा रागसुद्धा येईना. तोही काढून घेतला होता. नुसतं डोक्याला कळत होतं की आपल्याला राग यायला हवा.

तेवढ्या कळण्यावरच ती उठली, तलावाशी गेली आणि नवऱ्याला म्हणाली की सामान भरा, आपण निघतोय.

आताशा घाटात गाडीला माणसाची गरज लागत नाही. आंबोलीची वळणं गाडी आपली आपण घेत होती आणि दोघांनाही रस्त्याकडे बघण्याचं निमित्त नव्हतं. गौतमीने कपाळाला आठी न घालता विचारलं, "माझी भीती घालवायला नेलंत ना मला?"

धैर्यशीलने तरी रस्त्याकडेच पाहिलं. मग म्हणाला, तुझी नाही, माझी. रोज रात्री ठरवायचो की उद्या हिला हो म्हणायचं. सकाळी तू समोर आलीस की आई दिसायची आणि तोंडात मिठाची गुळणी. म्हटलं, चार दिवस भीतीच नसली तर एकदाचा बोलून जाईन. बोललेला शब्द मागे घेणारा तर मी नव्हे. काही लोक दोन घोट घेऊन बोलतात, मी उशी घेतली.

"आणि मी? दोघांना लावा म्हणालात तुम्ही."

"त्या बाईने विचारलं एकट्याला की दोघांना, मी म्हटलं दोघांना. सुखानं झोपशील चार रात्री, एवढंच आलं मनात." तो तिच्याकडे वळला. "तुझं काही बिघडेल असं वाटलंच नाही गं. तू कधी कशाला घाबरलीस?"

अठरा वर्षांचा संसार, आणि याला एवढंही दिसलं नव्हतं. तिची सगळी हिंमत म्हणजे भावासाठीची भीतीच होती. तीच तिला पहाटे उठवायची, तपासण्यांच्या रांगेत उभी करायची, नवऱ्याशी भांडायला लावायची. ती काढली तर मागे काय उरलं, ते ती चार दिवस बघत होतीच. पण हे त्याला खरंच कळलं नव्हतं, की कळूनही तो वेड पांघरत होता? उत्तर साच्यातून काढल्यासारखं नीटनेटकं होतं, आणि साचे करणं हाच तर त्याचा धंदा. तिने विश्वास ठेवला नाही. वादही घातला नाही.

निघताना श्रियाने सांगितलं होतं की असर उतरायला वेळ लागतो आणि तो प्रत्येकाचा वेगळा. जे फार दिवस ताणलेले असतात, त्यांचा उशिरा उतरतो.

धैर्यशीलचा लवकर उतरला. शुक्रवारी दुपारी तो फाउंड्रीतून अवेळी घरी आला तो चेहरा पांढराफटक पडलेला. जेवायला बसला, आमटीत मीठ कमी आहे म्हणाला, आणि ताट तसंच सारून उठला. शनिवारी वर्तमानपत्र उलटं धरून बसला होता. गौतमी डोळ्यांत तेल घालून बघत होती. सोमवारबद्दल तो चकार शब्द काढत नव्हता. बरोबरच आहे, ती मनाशी म्हणाली, शब्द मागे घ्यायची लाज वाटते, म्हणून मीच विषय काढायची वाट बघतोय.

तिचा मात्र काही केल्या उतरेना. पृथ्वीला तिने गुरुवारी फोन केला, शनिवारी केला. वजन विचारलं, पाणी विचारलं, सगळं पाठ म्हटल्यासारखं. शनिवारी तो म्हणाला, आक्का, तू बरी आहेस ना? ती म्हणाली, मी अगदी मजेत आहे. आणि ती होती.

रविवारी संध्याकाळी गवारीच्या शेंगा मोडता मोडता तिच्या तोंडून गेलं, की समितीची तारीख महिनाभर पुढे ढकलावी का? पृथ्वीची तब्येत तशी ठीक आहे. एवढी घाई काय आहे?

बोलली आणि शेंग हातात तशीच राहिली. आपलं बोलणं आपल्याच कानांनी ऐकून तिने मान वर केली आणि नवऱ्याच्या चेहऱ्यावर नजर रोखली. आता कळणार होतं. त्याने याच्यासाठीच तो खटाटोप केला असेल तर त्याचं फळ आयतं त्याच्या पदरात पडलं होतं. काही करायचं नव्हतं. नुसतं बरं म्हणायचं होतं, किंवा तेवढंही नाही, मान हलवली असती तरी पुरे होतं.

धैर्यशीलचे खांदे सैल पडले. आठ महिने डोक्यावर वाहिलेलं ओझं कुणीतरी खाली उतरवून घेतल्यासारखा त्याचा श्वास सुटला, हे तिने स्पष्ट बघितलं. मग त्याने गुडघ्यांवर दोन्ही हात दाबून धरले.

"नाही," तो म्हणाला. "हे तू बोलत नाहीस, ती उशी बोलतेय. उद्या दहाला निघायचं."

तो उठून न्हाणीघरात गेला. दार लावल्यावरही आतून ओकाऱ्यांचा आवाज येत होता. गौतमी शेंगांचं ताट मांडीवर घेऊन ऐकत बसली. चार दिवस जपून ठेवलेला संशय आता कशाच्या आधारावर उभा करायचा, ते तिला सुचेना.

समितीच्या खोलीत लांब टेबल होतं आणि पलीकडे तिघं बसली होती. मधल्या डॉक्टरबाई वयाने मोठ्या, आवाजाने मऊ होत्या. बाहेरच्या बाकावर पृथ्वीराज बसला होता. गौतमीने दार लोटून घेताना त्याच्याकडे हसून बघितलं होतं, तेही वरवर.

डॉक्टरबाईंनी धैर्यशीलला सगळं समजावून सांगितलं. धोका किती, बरं व्हायला वेळ किती, पुढे काय जपायचं. मग त्यांनी प्रत्येकाला विचारतात तेच विचारलं: कुणाच्याही दबावाशिवाय, शांत मनाने संमती देताय ना?

"दबाव कुणाचा नाही," धैर्यशील म्हणाला. "पण शांत मनाने नाही."

बाईंनी चष्म्यावरून बघितलं. दुसरे दोघे लिहायचे थांबले. नवरा कचरतोय असं दिसलं तर समिती त्याच क्षणी प्रकरण बंद करते, हे त्याला बाहेरच बजावून सांगितलेलं होतं. त्याच्या कपाळावरून घाम ओघळत होता आणि तो पुसायचं भान त्याला नव्हतं. तो म्हणाला, की शांत मनाने मी गेल्या बुधवारी एका हॉटेलात हो म्हटलं होतं. ते अजिबात धरू नका. तिथे मला भीती नव्हती, त्यामुळे मी काय देतोय तेही मला कळत नव्हतं.

"आज कळतंय. माझी आई अशीच आत गेली होती, सही माझी होती. हिला आत पाठवायचं म्हटलं तर माझे पाय लटपटतायत, बघा तुम्ही. तरी मी हो म्हणतोय. हे असं लिहून घ्या."

डॉक्टरबाई तसंच लिहून घेऊ लागल्या. गौतमीला आधी बाहेरचा पृथ्वी दिसला, त्याच्या चपलेत न मावणारे पाय, आणि मंगळवारी न केलेला फोन, आणि तिचा श्वासच अडकला. परत आलं होतं, सगळंच्या सगळं. पण त्याच्या मागोमाग दुसरंही काहीतरी आलं, जे आठ महिन्यांत तिने दाराशीसुद्धा उभं केलं नव्हतं. वरचा मोठा दिवा, थंड टेबल, आणि त्यावर ती स्वतः.

बाईंनी तिच्याकडे वळून विचारलं, की तुम्हाला काही सांगायचंय का?

"मला भीती वाटतेय," गौतमी म्हणाली. "माझ्या स्वतःच्या जिवाची. पण मी देणार आहे."

धैर्यशीलने दचकून मान वळवली. अठरा वर्षांत हे त्याने तिच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं.